एस वजा पी

४ फेब्रुवारी

आजपासून पुन्हा कामावर. हे जाऊन सात आठवडे झाले. रजा अजून शिल्लक होती, पण घरी बसून करायचं काय? सगळी कपाटं दोनदा आवरून झाली होती. तिसऱ्यांदा आवरायला काढलं तेव्हा माझं मलाच हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वेधशाळेत कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "जमेल तेवढंच करा. घाई करू नका."

मी म्हटलं, "ते भूकंपांना सांगा."

हा विनोद होता. ते हसले नाहीत.

माझ्या मागे नोंदी संगणकवालीने वाचल्या. ती चार वर्षांपूर्वी इथे लागली, संगणकावरचं सगळं तीच बघते, म्हणून हे नाव पडलं. हुशार आहे. दोन ठिकाणी पी लहर जरा उशिरा धरलीय, एवढंच. दुरुस्त केलं.

डायरी लिहायला धाकटीने सांगितलं. माझी बहीण. हे गेले तेव्हा पंधरा दिवस येऊन राहिली होती. निघताना दारात म्हणाली, "ताई, तू एकदाही रडली नाहीस. मला भीती वाटते गं. बोलत नाहीस तर निदान लिहीत जा." काय लिहायचं ते सांगितलं नाही. म्हणून काम लिहिते.

काम असं: जमिनीखाली कुठेही खडक तुटला की तिथून लहरी निघतात. सगळ्यांत पुढे पी. ती खडकाला दाबत-सोडत येते, हवेतून आवाज येतो तशी. सेकंदाला सहा किलोमीटर. तिच्या मागून एस, खडकाला आडवं हलवत, साडेतीन किलोमीटरने. दोघी निघतात एकदमच, पण वाट जितकी लांब तितकं त्यांच्यात अंतर पडत जातं. एस पोचली ती वेळ वजा पी पोचली ती वेळ, गुणिले आठ. इतक्या किलोमीटरवर भूकंप झाला. तेवीस वर्षं मी ही वजाबाकी करते आहे.

सव्वाचारला धाकटीचा फोन. तिच्या गावी धक्का बसला म्हणे, खुर्ची हलली. मी आलेख बघितला. काही नाही. तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "जेवलीस का?"

जेवले होते.

६ फेब्रुवारी

सव्वाचारला धाकटीचा फोन. धक्का. आलेखावर काही नाही. तिच्या गावापासून नऊ किलोमीटरवर आमचं एक यंत्र आहे. शेजारून म्हैस गेली तरी लिहितं. त्याने लिहिलं नाही म्हणजे झालं नाही.

रात्रीची भाजी उरली. दोघांच्या अंदाजाने होते अजून.

११ फेब्रुवारी

पहाटे पृथ्वीच्या पार पलीकडे समुद्रात मोठा भूकंप झाला. आमच्याकडे त्याची पी वीस मिनिटांनी आली, थेट पृथ्वीच्या पोटातून. एस सरळ वाटेने आलीच नाही. यायची नव्हतीच. पृथ्वीच्या आत मध्यावर वितळलेल्या धातूचा गोळा आहे आणि एसला द्रवातून जाता येत नाही. द्रवाला दाबलं तर तो उलट दाबतो, पण आडवं ओढलं तर त्याला काही वाटतच नाही. जसा ओढाल तसा जातो, परत येत नाही. त्यामुळे एवढा भूकंप, आणि आमच्या आलेखावर एसच्या जागी तिची वाटच बघायची.

संगणकवाली म्हणाली, "बाई, आज पहाटेपासून बसलाय. घरी जा."

मी विचारलं, "आलेख काही चुकलाय का?"

"नाही."

मग का जायचं ते कळलं नाही.

सव्वाचारला फोन. धाकटीला वाटलं की तो पलीकडचा भूकंप तिला जाणवला. मी सांगितलं, अशक्य. ती म्हणाली, "अगं, पण कपाट वाजलं." तिचा शिवणवर्ग आहे, दगडी घराच्या वरच्या मजल्यावर. सोळा बायका एका वेळी पायमशीन चालवतात. तिथे कपाट वाजलं नाही तर नवल.

१७ फेब्रुवारी

शाळेची सहल आली होती. साहेबांनी मला समोर उभं केलं. पूर्वी हे काम ते स्वतः करायचे, त्यांना आवडतं. आज अचानक घसा बसला म्हणाले. नंतर बाहेर शिपायाशी मोठ्याने बोलताना ऐकू आले.

मुलांना दोरी धरायला लावली. एका टोकाला झटका दिला की दोरीतून आडवा हेलकावा जातो, ती एस. मग दहा जणींना एकीमागे एक उभं केलं आणि शेवटच्या मुलीला हलकेच ढकललं. धक्का सगळ्यांत पुढच्या मुलीपर्यंत गेला, मधल्या मात्र जागेवरच राहिल्या. ती पी. लहर जाते, खडक तिथेच राहतो. खूप हसल्या.

दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, "पी आली की माणसाला कळतं का?"

मी सांगितलं, "कळतं, पण कुणी लक्ष देत नाही. बारीक घरघर होते. रस्त्यावरून गाडी गेली असं वाटतं. माणूस आपल्या कामाला लागतो. मग एस येते, तेव्हा लक्षात येतं की मघाशी होती ती..."

वाक्य पुरं झालं नाही. पुढे काय म्हणायचं ते मला पाठ आहे, तेवीस वर्षं म्हणते आहे. पण नाही आलं. संगणकवालीने पुढचं सांगितलं. मी दोरी गुंडाळत राहिले. ती आधीच गुंडाळून झाली होती असं ती नंतर म्हणाली.

सव्वाचारला फोन आला तेव्हा मुलं जात होती. धक्का. नाही.

२३ फेब्रुवारी

धाकटीच्या फोनांचा तक्ता केला. चार तारखेपासून सतरा धक्के कळवले. यंत्रावर त्यातला एक आहे, आणि तोसुद्धा भूकंप नाही, दगडखाणीतला सुरुंग. (सुरुंग ओळखायला सोपा. तो सगळीकडे नुसता बाहेर ढकलतो. भूकंपाची पी एका बाजूला ढकलते, दुसऱ्या बाजूला ओढते.) सतरांतला एक, म्हणजे निरीक्षक म्हणून ती अगदीच कुचकामी आहे.

शिवाय जवळजवळ सगळे धक्के चार दहा ते चार वीसच्या दरम्यान. तिचा दुपारचा वर्ग चारला सुटतो. मशीन थांबल्यावर कान आणि पाय रिकामे होतात, त्यामुळे असा भास होत असेल. हे कारण मला पटलं. तक्ता संगणकवालीला दाखवला.

तिने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "बाई, त्या फोन का करतात असं वाटतं तुम्हाला?"

"धक्का कळवायला."

"आणि मग काय बोलतात?"

"काही नाही. जेवलीस का, झोपलीस का, आज कपडे कुठले घातलेस. इकडचं तिकडचं."

ती "बरं" म्हणाली आणि तक्ता उलटा करून माझ्यासमोर ठेवला.

२४ फेब्रुवारी

सव्वाचारला फोन. आज मी स्पष्ट सांगितलं. "हे बघ, नुसतं वाटलं म्हणून फोन करू नकोस. प्रत्येक वेळी मला चार यंत्रांचे आलेख उघडावे लागतात. हातातलं काम राहतं."

मागे कुणीतरी कात्री चालवत होतं, ते ऐकू येत होतं.

"बरं ताई," म्हणाली. "नाही करणार."

काम वेळेत संपलं.

२५ फेब्रुवारी

फोन नाही. काम शांतपणे झालं.

२६ फेब्रुवारी

सव्वाचार. नाही.

२८ फेब्रुवारी

नाही. साडेचारला फोनमध्ये आवाज येतोय का ते तपासलं. येतोय.

४ मार्च

आज वाढदिवस होता यांचा. ऑफिसात कुणाला माहीत असायचं कारण नाही. सहा आलेख वाचले. घरी जाताना यांच्या पंपघरावरून गेले. तिथे हे पंपचालक होते, एकतीस वर्षं. आता दुसरा कुणी आहे. पंप चालू होता. पायाखालची जमीन थरथरते तिथे, दर सेकंदाला साधारण पंचवीस वेळा. आमच्या यंत्रावर तो पंप रोज दिसतो. तो कधी बंद पडतो, कधी चालू होतो, हे यांचा फोन यायच्या आधी मला आलेखावरून कळायचं. संध्याकाळी पंप थांबला की मी चहा ठेवायला निघायचे.

आता थांबला तरी निघायचं कारण नाही.

५ मार्च

पहाटेपासून धाकटीच्या गावाच्या बाजूला बारीक धक्के. १.९, २.२, २.०. एकूण अकरा. जवळच्या यंत्रावर एस वजा पी जेमतेम दीड सेकंद. म्हणजे दहाबारा किलोमीटर, त्यातली बरीचशी खोली.

दुपारी २.६ चा झाला. हा तिला नक्की जाणवला असणार. सव्वाचारपर्यंत थांबले. पाचपर्यंत थांबले. फोन नाही.

सतरा खोटे कळवले आणि खरा झाला तेव्हा गप्प. मला याचा राग यायला हवा. यंत्राकडे बघत बसले, एवढंच.

७ मार्च

आजवर अठ्ठेचाळीस. मोठ्यात मोठा ३.४. साहेबांनी तिथल्या प्रशासनाला पत्र पाठवलं. पत्रात काय म्हणायचं यावर तासभर गेला. अशा बारक्या धक्क्यांची रांग बहुतेक वेळा आपली आपण विझते. क्वचित तिच्या शेवटी मोठा असतो. कुठल्या वेळी काय होईल ते सांगता येत नाही. "सांगता येत नाही" हे साहेबांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं आणि सही केली.

मग मी धाकटीला फोन केला. मी आपणहून तिला फोन केल्याला किती दिवस झाले ते आठवेना.

"धक्के जाणवतायत का?"

"जाणवतायत."

"मग कळवलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस करू नकोस."

"नुसतं वाटलं तर करू नकोस म्हटलं. हे खरे आहेत."

"मला काय माहीत ताई, खरे कुठले आणि कुठले नाहीत. मशीन का आहे माझ्याकडे तुझ्यासारखं?" तिचा आवाज कोरडा होता. मग म्हणाली, "बायका घाबरल्यात. मोठा होणार का?"

"सांगता येत नाही."

"हे तर तुझ्या साहेबांच्या पत्रात पण आहे. दवंडी पिटली इथे. तू काय सांगतेस?"

मी काय सांगते? ऑफिसच्या बाहेर माझं काही सांगणं असतं हे मला सुचलं नव्हतं. तिचं घर डोळ्यासमोर आणलं. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, मधे मातीचा भराव, वर लाकडी मजला, त्यावर सोळा लोखंडी मशिनी. पीला अशा घराचं विशेष काही वाटत नाही. एस आडवी हलवते. आडवं हललं की अशी भिंत टिकत नाही.

"वर्ग खाली घे," मी म्हटलं. "अंगणात. भिंतीपासून लांब."

"सोळा मशिनी? उन्हात?"

"हो."

"आणि उतरवणार कोण?"

"तुम्हीच. सतराजणी आहात."

ती मग म्हणाली, "ताई, जेवलीस का?"

मी म्हटलं, "घे खाली." फोन ठेवल्यावर आठवलं की तिने विचारलेल्याचं उत्तर राहिलं.

९ मार्च

धाकटीचा निरोप आला, फोन नाही, नुसत्या दोन ओळी लिहिलेल्या. मशिनी उतरवल्या. एकीचा अंगठा चेंगरला. गाव हसतंय, म्हणतात शिवणवाल्या बाईंनी प्रदर्शन मांडलंय.

काल फक्त चार धक्के झाले, आज दोन. रांग विझत चालली असं दिसतंय. म्हणजे मी सतराजणींना उगीच उन्हात बसवलं.

१२ मार्च

हे नीट क्रमाने लिहिते.

सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी धाकटीला फोन केला. तीन दिवस काही विशेष नाही, हवं तर मशिनी वर न्या, हे सांगायला. सात वेळा वाजला. मग धापा टाकत उचलला.

"थांब ताई, पळत आले. फोन वर चार्जिंगला होता."

"वर का गेलीस?"

"तुझा फोन वाजला म्हणून! बाकीच्या खालीच आहेत. काय गं? बरी आहेस ना?"

मी म्हटलं, "हो. मी यासाठी केला की..."

ती म्हणाली, "ताई, काहीतरी घरघर..."

ती पी होती. त्या ठिकाणी पी आणि एस यांच्यामध्ये दीड सेकंद. दीड सेकंदात माणूस "पळ" म्हणू शकतो. पुष्कळ वेळ असतो. मी म्हणाले असं मला वाटतं. संगणकवाली समोर होती. ती म्हणते, "तुम्ही काहीच बोलला नाहीत बाई. नुसत्या उभ्या राहिलात."

मग मोठा आवाज आला, आणि त्यात तिचा. मग काहीच नाही.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. फोनचा आवाज खडकातून येत नाही, त्याला वेळ लागत नाही. लहर अजून वाटेत होती. आमच्या इमारतीत सगळे आपापलं काम करत होते. कुणीतरी जिन्यात हसत होतं. संगणकवालीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "येतेय."

त्या घरघरीपासून एकवीस सेकंद. खिडकीच्या काचा बारीक वाजल्या, गाडी गेल्यासारख्या. कुणी मान वर केली नाही. मी मोजत होते. पुढे सतरा. टेबलाचा खण आपोआप उघडला, दिवा झुलला, जिन्यातलं हसणं थांबलं. सगळे उठले. सतरा गुणिले आठ, एकशे छत्तीस. तिच्या गावाचं अंतर तेवढंच आहे.

सगळे बाहेर मैदानात गेले. मी आलेखापाशी गेले. एसच्या मागून पृष्ठलहरी येत होत्या. त्या खोल जात नाहीत, जमिनीच्या पाठीवरून येतात, सावकाश, लांबच लांब. पेन कागदाच्या बाहेर जायला बघत होता. साहेब आले आणि म्हणाले, "तुम्ही घरी जा." मी म्हटलं, "अजून संपला नाही."

५.७. खोली दहा किलोमीटर. स्थान काढलं, दोनदा तपासलं, पत्रक तयार केलं. सगळं अचूक. धाकटीचा फोन लागत नाही. त्या भागातला कुणाचाच लागत नाही.

माझ्या फोनसाठी ती वर गेली. हे वाक्य इथे लिहून ठेवते. त्याच्यापुढे काही लिहिता येत नाही.

१३ मार्च

नंतरचे धक्के मोजायला चार यंत्रं घेऊन गाडी निघणार होती. मी साहेबांना सांगितलं, मी जाते.

"तुम्ही बाहेरचं काम कधी केलेलं नाही."

"खड्डा खणायला काय येत नाही?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही. "जा," म्हणाले. "यंत्रं बाकीचे लावतील. तुम्ही आधी बहिणीकडे जा."

एकशे छत्तीस किलोमीटरला आठ तास लागले. दोन ठिकाणी रस्ता खचलाय. पहिल्या लहरीला अर्धं मिनिटदेखील लागलं नव्हतं. ड्रायव्हर एरवी बडबड्या आहे, आज नुसता रस्ता बघत होता. मधे एकदा त्याने पाण्याची बाटली पुढे केली. पूर्णच प्यायले.

१४ मार्च

ती जिवंत आहे.

काल उतरल्यावर आधी घर बघितलं. मागची भिंत पूर्ण बाहेर पडलीय, वरचा मजला तिरका होऊन लोंबतोय. अंगणात पंधरा मशिनी जशाच्या तशा, एकीवर अर्धी शिवलेली बाही तशीच दाबाखाली. सोळावी, भिंतीकडची, दगडाखाली. त्या मशीनवरची बाई त्या वेळी सुई ओवायला पुढच्या मैत्रिणीकडे गेली होती.

बायका शाळेच्या मैदानात तंबूत भेटल्या. एका थोराड बाईने मला बघितलं. ज्या बहिणीने मशिनी खाली आणायला लावल्या ती मीच, हे तिला कसं कळलं ठाऊक नाही, चेहरा सारखा असेल. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुमच्या फोनमुळे आम्ही वाचलो हो."

आणि तुमच्या बाई माझ्या फोनमुळे वर गेल्या, हे मी म्हटलं नाही. दोन्ही खरं आहे. ते एकमेकांतून वजा होत नाही.

धाकटी त्यांना परवाच जिन्यावर सापडली होती. घरघर ऐकून ती पळाली होती, कुणी न सांगता. अर्ध्या जिन्यावर एस आली. डावा हात दोन ठिकाणी मोडलाय, कपाळाला टाके. तंबूत मला बघून म्हणाली, "ताई, तू आलीस? ऑफिस?"

मी म्हटलं, "रजा टाकली." टाकली नव्हती. हे मी पहिल्यांदाच खोटं बोलले असेन.

१५ मार्च

आज डॉक्टरांनी तिचं हाड बसवलं. तंबूतच, वाहून आणलेल्या टेबलावर. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, पण औषध सगळ्यांना पुरवून द्यायचं होतं, त्यामुळे थोडंच. डॉक्टर म्हणाले, "एकीने उजवा हात धरून ठेवा. ओढताना दुखेल." मी धरला. डॉक्टरांनी मोडका हात दोन्ही हातांनी पकडला आणि ओढला. आतून आवाज आला.

कुणीतरी फार मोठ्याने ओरडलं. तंबूच्या दाराशी उभ्या असलेल्या बायका आत आल्या. धाकटीने ओठ दातांखाली धरले होते, तिच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. सगळेच माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की ओरडतेय ती मी आहे, आणि थांबता येत नाहीये.

डॉक्टरांनी तो मोडका हात तसाच धरून विचारलं, "बाई, तुम्हाला कुठे लागलंय?"

मी सांगायला लागले. त्यांना नाही, धाकटीला. त्या दिवशी सकाळी हे म्हणाले होते, "आज छातीत जरा जड वाटतंय." मी चपला घालत होते. म्हटलं, "रात्री उशिरा जेवलात, त्याचं असेल. गरम पाणी प्या." ते म्हणाले, "हो, तसंच असेल," आणि माझा डबा हातात दिला. मला बस गाठायची होती. दुपारी आलेखावर पंप बंद पडलेला दिसला. भलत्याच वेळी. मला वाटलं, वीज गेली असेल. मी पुढचा आलेख वाचायला घेतला. चाळीस मिनिटांनी पंपघरावरून फोन आला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही लिहिलं नव्हतं.

डॉक्टर प्लास्टर लावत राहिले. धाकटी रडत होती, तिचं तिला पुसता येत नव्हतं, मी पुसलं. मग म्हणाली, "तीन महिने हे पोटात घेऊन बसलीस? मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार?"

"कधी म्हणजे? रोज फोन करत होते ना मी!"

"ते धक्क्यासाठी करत होतीस," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, टाके ओढले गेले, ती "आई गं" म्हणाली, तरी हसत राहिली. डॉक्टर म्हणाले, "हलू नका." त्या थोराड बाईलाही हसू आवरेना, ती तंबूबाहेर गेली. कशाला हसतायत ते मला कळलं नाही. विचारलं तर धाकटी म्हणाली, "काही नाही ताई. चहा आण दोघींना."

१७ मार्च

कालचा दिवस लिहायचा राहिला, त्याचं कारण लिहिते.

काल दुपारी मैदानातल्या लोकांनी मला गाठलं. वेधशाळेतली बाई आहे म्हटल्यावर शेदोनशे जमले. पुन्हा मोठा होणार का? घरात कधी जायचं? मी सांगितलं, "माहीत नाही. छोटे होत राहतील, दिवसेंदिवस कमी होतील. तडे गेलेल्या घरात जाऊ नका. बाकी मला माहीत नाही." कुणी रागावलं नाही. एक आजोबा म्हणाले, "माहीत नाही म्हणणारं कुणीतरी भेटलं हे बरं झालं," आणि निघून गेले.

मग तंबूत येऊन धाकटीच्या शेजारी जरा आडवी झाले. तिचा प्लास्टरचा हात माझ्या पोटावर ठेवला होता, कारण तिला तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. चांगलाच जड आहे. म्हटलं, पाच मिनिटं पडते आणि यंत्रांकडे जाते.

जाग आली तेव्हा ऊन तंबूत आलं होतं. आधी वाटलं संध्याकाळ आहे. धाकटी बसून डाव्या हाताशी काहीतरी खटपट करत होती. म्हणाली, "सकाळ झाली. सोळा तास झोपलीस."

मी तशीच उठून यंत्रापाशी गेले आणि आलेख बघितला. दरम्यान तीन धक्के होऊन गेले होते. त्यातला एक ४.१ चा, आमच्यापासून सात किलोमीटरवर. सगळं मैदान उठून तंबूंबाहेर पळालं होतं, तंबूचा एक खांब पडला होता, लहान मुलं रडत होती. मला हलवून उठवायला कुणीतरी आलं, तर धाकटीने त्यांना अडवलं म्हणे.

मला एकही कळला नाही.